एका आवाजाचे दोन आवाज होतील का?

दोन संख्यांची बेरीज १५ आहे. त्या संख्या कोणत्या?

हा प्रश्न वर्गात विचारला तर कोणी ‘१० आणि ५’ म्हणेल, कोणी ‘७ आणि ८’. एखादा ‘१५ आणि शून्य’ असेही सांगेल. ज्याने नुकत्याच ऋण संख्या शिकल्या आहेत तो ‘२० आणि उणे ५’ असे म्हणून मोकळा होईल. सगळीच उत्तरे बरोबर आहेत, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांतले कोणतेही एक उत्तर खात्रीचे नाही. बेरीज करणे सोपे असते. पण ती एकदा झाली की तिच्यात कोणत्या दोन संख्या मिसळल्या होत्या, हे नुसत्या बेरजेकडे पाहून सांगता येत नाही.

हा साधा प्रश्न एका अगदी वेगळ्या ठिकाणी आडवा येतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक व्हिडिओ गेम यंत्रांतून एकाच तारेने एकच आवाज बाहेर पडत असे. अशी जुनी यंत्रे जपणारे हौशी लोक त्यांत थोडा फेरफार करून दोन स्पीकरमधून वेगवेगळा, म्हणजे स्टिरिओ आवाज काढतात. काही यंत्रांत हे काम चार-सहा सुट्या भागांत होते. काही यंत्रांत मात्र कितीही कसबी कारागीर बसवला तरी होत नाही. हा फरक कशामुळे पडतो? उत्तर वरच्या बेरजेत आहे. ते कसे, हे या लेखात पाहू.

उदाहरणासाठी आपण एकच यंत्र घेऊ. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे खेळयंत्र १४,८०० येन किमतीला बाजारात आणले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले होते. लोक त्याला ‘फॅमिकॉम’ म्हणू लागले. ऑक्टोबर १९८५ मध्ये तेच यंत्र वेगळ्या पेटीत आणि ‘निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम’, थोडक्यात ‘एनईएस’, या नावाने न्यूयॉर्कमध्ये विक्रीस आले. आपल्याकडे १९९० च्या दशकात अनेक घरांत टीव्हीला जोडून ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळले गेले, ते बहुधा याच यंत्राच्या स्वस्त नकलांवर. त्या नकलांविषयी पुढे बोलू.

दोन कान कशासाठी?

आधी स्टिरिओ म्हणजे काय ते पाहू. डोळे मिटून बसलो तरी हाक डावीकडून आली की उजवीकडून, हे आपल्याला कळते. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानावर आधी पोहोचतो आणि उजव्या कानावर थोडा नंतर. किती नंतर? दोन कानांमधले अंतर साधारण २० सेंटिमीटर आणि हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर ०.२ भागिले ३४०, म्हणजे सुमारे ०.०००६ सेकंद. एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असलेला हा फरक मेंदू ओळखतो.

दुसरी खूण तीव्रतेची. मध्ये डोके असल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो. ही ‘डोक्याची सावली’ उच्च स्वरांसाठीच गडद असते. ३,४०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १० सेंटिमीटर असते; त्याला डोके आडवे येते. २०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १.७ मीटर असते. तो डोक्याला सहज वळसा घालतो. म्हणून खालच्या स्वरांसाठी वेळेचा फरक महत्त्वाचा आणि वरच्या स्वरांसाठी तीव्रतेचा. हे विवेचन लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केले. पुढे इंग्लंडमधील ईएमआय कंपनीतले अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या स्टिरिओचा पाया तेथे घातला गेला.

तेव्हा स्टिरिओसाठी दोन स्पीकर हवेत हे खरे. पण नुसते दोन स्पीकर पुरत नाहीत. दोघांना वेगवेगळा संदेश मिळाला पाहिजे. एकच तार दोन स्पीकरना जोडली तर तोच आवाज दोनदा ऐकू येईल, आणि आपण दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसलो असू तर तो बरोबर मधून आल्यासारखा वाटेल. मग आपल्या यंत्रात दोन वेगवेगळे संदेश आहेत का?

एका चिपमधले पाच वादक

फॅमिकॉमची मुख्य चिप रिको कंपनीने बनवली होती. तिला ४० पिना असतात. खेळाचा हिशोब करणे आणि आवाज काढणे ही दोन्ही कामे तीच करते. तिच्यात आवाजाचे पाच स्रोत आहेत. त्यांना आपण पाच वादक म्हणू.

पहिले दोन वादक सारखे. ते आयताकृती लहर काढतात, म्हणजे विद्युतदाब क्षणात वर, क्षणात खाली. एका आवर्तनात दाब किती वेळ वर राहावा यासाठी १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के असे चार पर्याय आहेत. ५० टक्क्यांच्या लहरीत मूळ स्वराच्या फक्त विषम पटींतले उपस्वर असतात. २५ टक्क्यांच्या लहरीत दर चौथा उपस्वर गायब असतो. त्यामुळे स्वर तोच राहून आवाजाची जात बदलते. गाण्याची चाल बहुतेक वेळा हे दोघे वाजवतात.

स्वर ठरवण्याची रीत मुलांना हिशोबाला देण्याजोगी आहे. जपानी व अमेरिकी यंत्रांत ही चिप सेकंदाला १७,८९,७७३ ठोक्यांवर चालते. आयताकृती लहरीसाठी या संख्येला आधी १६ ने भागायचे, आणि मग खेळ लिहिणाऱ्याने दिलेल्या संख्येत १ मिळवून तिने भागायचे. दिलेली संख्या २५३ असेल तर १७,८९,७७३ भागिले १६ भागिले २५४, म्हणजे सुमारे ४४०.४ हर्ट्झ. पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्या ४४० हर्ट्झच्या स्वरावर आपली वाद्ये जुळवतो, त्याच्या अगदी जवळ. नेमका ४४० मात्र मिळत नाही, कारण भाजक पूर्णांकच असावा लागतो.

तिसरा वादक त्रिकोणी लहर काढतो. तिचे ३२ टप्पे असतात: १५ पासून शून्यापर्यंत उतरायचे आणि पुन्हा शून्यापासून १५ पर्यंत चढायचे. त्याच्यासाठी १६ ऐवजी ३२ ने भागावे लागते, म्हणून तीच संख्या दिली तर त्याचा स्वर एक सप्तक खाली लागतो. खर्जाचे काम त्याच्याकडे. चौथा वादक गोंगाट करतो. १५ घरांची एक रांग, तिच्यात शून्य आणि एक असे अंक पुढे सरकत राहतात. त्यांचा क्रम वेडावाकडा वाटतो, पण ३२,७६७ टप्प्यांनंतर तोच क्रम पुन्हा सुरू होतो. ढोल, झांज, स्फोट, पावले हे सारे या वादकाचे. पाचवा वादक आधी मुद्रित करून ठेवलेला छोटा आवाज वाजवतो.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ च्या खेळाचे संगीत कोजी कोंदो यांनी दिले. त्याच्या सुप्रसिद्ध धूनमध्ये चाल आणि तिची साथ पहिल्या दोन वादकांकडे, खर्ज तिसऱ्याकडे आणि ताल चौथ्याकडे आहे. ज्यांना ती धून आठवत असेल त्यांनी ती मनात वाजवून पाहावी. हे तिन्ही थर वेगळे ओळखता येतील.

बेरीज कुठे होते?

आता मुख्य मुद्दा. हे पाच वादक चिपमधून पाच वाटांनी बाहेर येत नाहीत. पहिल्या दोघांची बेरीज आतच होते आणि ती पिन क्रमांक १ वर येते. उरलेल्या तिघांची बेरीजही आतच होते आणि ती पिन क्रमांक २ वर येते. पाचांचे दोन झाले.

पुढे मुख्य बोर्डावर या दोनांचा एक होतो. पिन १ वरून २० किलोओहमचा रेझिस्टर निघतो, पिन २ वरून १२ किलोओहमचा, आणि दोघांची टोके एका बिंदूत मिळतात. शिवाय प्रत्येक पिनेपासून जमिनीकडे, म्हणजे शून्य विद्युतदाबाच्या तारेकडे, १०० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोघांच्या मीलनबिंदूवरचा दाब वाढवून तो टीव्हीकडे पाठवला जातो.

मीलनबिंदूवर काय होते, हे ओहमच्या नियमाने काढता येते. पिन १ चा दाब ‘अ’, पिन २ चा ‘ब’ आणि मीलनबिंदूचा ‘म’ मानू. बिंदूत शिरणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य असली पाहिजे. म्हणजे (अ − म) भागिले २० अधिक (ब − म) भागिले १२ बरोबर शून्य. दोन्ही बाजूंना ६० ने गुणले तर:

३(अ − म) + ५(ब − म) = ०
म = (३अ + ५ब) ÷ ८

येथे पुढच्या परिपथाचा भार आपण सोडून दिला आहे. तो धरला तर ‘म’ लहान होईल, पण ३ आणि ५ हे प्रमाण तेच राहील.

आता लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न पुन्हा पाहा. ३अ + ५ब ची किंमत १५ आहे एवढेच कळले, तर अ ५ आणि ब शून्य असेल, किंवा अ शून्य आणि ब ३ असेल, किंवा अ २.५ आणि ब १.५ असेल. समीकरण एक, अज्ञाते दोन. मीलनबिंदूच्या पलीकडे कितीही महागडे यंत्र लावले तरी त्याला ‘अ’ आणि ‘ब’ नेमके परत मिळवता येणार नाहीत. मात्र मीलनबिंदूच्या अलीकडे, म्हणजे बेरीज होण्याआधी, ते दोघे तयारच आहेत. जे काही करायचे ते तेथेच करता येते.

मग ते जोडलेच का होते? त्या वेळच्या बहुतेक टीव्ही संचांत एकच स्पीकर होता. फॅमिकॉमचा आवाज अँटेनाच्या वाटेने टीव्हीत शिरत असे आणि त्या वाटेवर एकाच आवाजाची सोय होती. अमेरिकेत टीव्ही प्रक्षेपणात स्टिरिओ आवाजाची पद्धत १९८४ मध्ये स्वीकारली गेली. पलीकडे ऐकणारा एकच स्पीकर असताना दोन वाटा ठेवण्यात अर्थ नव्हता.

फेरफार

करायचे ते थोडक्यात असे. पिन १ वरून एक तार काढायची, पिन २ वरून दुसरी. प्रत्येक तारेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ किलोओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडायचा. पहिली तार स्टिरिओ सॉकेटच्या डाव्या टोकाला, दुसरी उजव्या टोकाला आणि सॉकेटचे तिसरे टोक यंत्राच्या जमिनीला. तारा शील्डेड घ्याव्यात, नाहीतर चित्राची गुणगुण आवाजात शिरते. बाहेर येणारा संदेश दुबळा असतो. तो ॲम्प्लिफायरच्या लाइन इनपुटला द्यावा. हेडफोन थेट जोडू नये.

चिपच्या पिनेलाच सोल्डर करण्याची गरज नाही. २० किलोओहमच्या रेझिस्टरचे चिपकडचे टोक आणि पिन १ ही विजेच्या दृष्टीने एकच जागा आहे. तार त्या टोकाला लावली तर चिपला उष्णता लागत नाही. पिन २ साठी १२ किलोओहमच्या रेझिस्टरचे चिपकडचे टोक घ्यावे.

येथे एक शंका येईल. मूळ दोन रेझिस्टर जागेवर असताना एका पिनेचा आवाज दुसरीकडे पाझरणार नाही का? हिशोब करू. पिन १ पासून पिन २ पर्यंतच्या वाटेत २० आणि १२ मिळून ३२ किलोओहम आहेत, आणि पिन २ पासून जमिनीकडे फक्त १०० ओहम. तेव्हा पाझर १०० भागिले ३२,१००, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. तो कानाला कळण्याजोगा नाही. म्हणून मूळ बोर्डावरची एकही जोडणी तोडण्याचे कारण नाही. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ही यंत्रे आता नवी बनत नाहीत आणि त्यांतल्या चिपाही बनत नाहीत. जो फेरफार पुन्हा काढून टाकता येतो तोच करावा. कापाकापी करावी लागत असेल तर थांबावे.

काम करताना यंत्राचा अडॅप्टर काढलेला असावा. यंत्रातला विद्युतदाब कमी असतो, पण जुन्या, मोठ्या काचेच्या टीव्हीचे मागचे झाकण विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्यात धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

कपॅसिटर कशाला?

चिपमधून येणारा दाब शून्याच्या वरच हेलकावे खातो. तो ऋण होत नाही. म्हणजे त्यात एक स्थिर भाग आणि एक बदलता भाग असतो. आवाज फक्त बदलत्या भागात आहे. स्थिर भाग पुढे जाऊ नये म्हणून कपॅसिटर. त्याचे धन टोक चिपकडे ठेवावे.

पण कपॅसिटर किती मोठा? कपॅसिटर आणि पुढचा रोध मिळून एक चाळणी तयार होते. ज्या वारंवारतेखाली स्वर गळू लागतात ती १ ÷ (२ × ३.१४ × रोध × धारकता) या सूत्राने मिळते. ॲम्प्लिफायरचा रोध १० किलोओहम आणि कपॅसिटर १० मायक्रोफॅरड असेल तर उत्तर सुमारे १.६ हर्ट्झ. ते कानाच्या पल्ल्याच्या खूप खाली आहे. काहीच गळणार नाही. घरात पडलेला ०.१ मायक्रोफॅरडचा लावला तर उत्तर १६० हर्ट्झ येईल. मग ८० हर्ट्झचा खर्ज निम्म्याहूनही कमी होईल. त्रिकोणी लहरीचा वादक २७ हर्ट्झपर्यंत खाली उतरू शकतो. त्याची सगळी मेहनत वाया जाईल. दोन-चार रुपयांच्या भागाची निवडही अशी हिशोबाने करावी लागते.

हा खरा स्टिरिओ आहे का?

असा फेरफार केल्यावर डावीकडे चाल आणि उजवीकडे खर्ज व ताल ऐकू येतो. भजनी मंडळात पेटी एका बाजूला आणि पखवाज दुसऱ्या बाजूला बसावा, तसे. थर सुटे होतात, प्रत्येकाचे काम कळते. संगीत कसे रचले आहे हे शिकायला ही सोय उत्तम.

पण हेडफोनने ऐकू लागलो की काही वेळाने थकवा येतो. कारण आपण पाहिलेच आहे. निसर्गात डावीकडचा आवाज उजव्या कानालाही पोहोचतो, थोडा उशिरा आणि थोडा मंद. येथे तो उजव्या कानाला जवळपास पोहोचतच नाही. असा अनुभव कानांना सवयीचा नाही. उपाय सोपा आहे. दोन्ही बाहेरच्या तारांमध्ये, १ किलोओहमच्या रेझिस्टरांच्या पुढे, एक बदलता रेझिस्टर आडवा जोडायचा. समजा तो २ किलोओहमवर ठेवला. मग पिन १ ते पिन २ ही वाट १ + २ + १, म्हणजे ४ किलोओहमची झाली. डावी तार या वाटेवर पहिल्या चौथाईवर आहे, म्हणून तिच्यावर पाऊण भाग ‘अ’ आणि पाव भाग ‘ब’ येतो. उजवीकडे याच्या उलट. १० किलोओहमवर नेला तर मिसळ बाराव्या भागाइतकी उरते. शून्यावर आणला तर दोन्हीकडे निम्मे-निम्मे, म्हणजे पुन्हा एकच आवाज. एका गुंडीच्या फेऱ्यात वेगळेपण आणि एकपण यांच्यामधल्या सगळ्या पायऱ्या येतात.

ही गुंडी आणखी एका कामाची आहे. फेरफार केलेला आवाज ‘भरदार’ झाला असे ऐकणारे सांगतात, आणि त्याचे श्रेय स्टिरिओला देतात. पण अमेरिकी यंत्रात मीलनबिंदूनंतरच्या भागात सुमारे ९० व ४४० हर्ट्झखालचे स्वर दुबळे करणाऱ्या दोन चाळण्या आहेत. आपण आवाज त्यांच्या आधीच उचलला, म्हणून खर्ज मूळचाच अधिक आला. येथे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत: वाटा वेगळ्या झाल्या आणि चाळण्या टळल्या. परिणाम कोणाचा हे कसे ठरवायचे? गुंडी शून्यावर आणावी. आता आवाज एकच आहे, पण चाळण्यांशिवायचा. मूळ सॉकेटच्या आवाजाशी तो ताडून पाहावा. मग गुंडी फिरवून वेगळेपण वाढवावे. तीन स्थिती ऐकल्या की कोणता गुण कोणत्या बदलाचा हे कळते. एका वेळी एकच बदल करावा, हा प्रयोगाचा नियम येथे कानाने शिकता येतो.

तरीही याला खरा स्टिरिओ म्हणावे का? आमच्या मते नाही. कोणते वाद्य कुठे बसवायचे हे येथे संगीतकाराने ठरवलेले नाही. ते चिपच्या पिनांनी ठरवले. निन्टेंडोच्याच १९८९ च्या ‘गेम बॉय’ या हातात धरायच्या यंत्राशी तुलना करा. त्यातल्या चार वादकांपैकी प्रत्येकाला डावीकडे, उजवीकडे की दोन्हीकडे पाठवायचे हे खेळ लिहिणारा सांगू शकत असे. यंत्राला स्पीकर एकच होता, पण हेडफोन लावला की ती मांडणी ऐकू येई. तेथे स्टिरिओ रचनेचाच भाग होता.

दुसऱ्या टोकाला १९८२ चा ‘कमोडोर ६४’ हा घरगुती संगणक. त्याच्या आवाजाच्या चिपमध्ये तीन वादक होते, पण तिघांची बेरीज चिपच्या आतच होऊन ती एकाच पिनेने बाहेर येई. मीलनबिंदूच्या अलीकडे जायला वाटच नाही. म्हणून त्या संगणकात स्टिरिओ हवा असणारे हौशी लोक दुसरी चिप बसवतात. म्हणजेच मूळ आवाज फोडत नाहीत. दुसरा नवा आवाज निर्माण करतात.

आपल्याकडच्या नकली यंत्रांचीही पुष्कळदा हीच अडचण असते. त्यांच्या बोर्डावर ४० पिनांची चिप न दिसता काळ्या, कडक लेपाचा एक गोल ठिपका दिसतो. त्याखाली सगळी यंत्रणा एकाच तुकड्यात असते, आणि आवाजाची बेरीज तेथेच उरकलेली असू शकते. अशा यंत्रात शोधूनही दोन वाटा सापडत नाहीत. त्याचा अर्थ आपले कसब कमी पडले असा नाही.

आणखी एक इशारा. जपानी फॅमिकॉम आपला एकत्र झालेला आवाज खेळाच्या कॅसेटकडे पाठवतो आणि कॅसेट त्यात स्वतःची भर घालून परत देते. १९८९ च्या ‘अकुमाजो देनसेत्सु’ या खेळाच्या कॅसेटमधली चिप तीन जादा वादक पुरवते. आपण फक्त पिन १ आणि २ वरून आवाज घेतला तर हे तिघे ऐकूच येणार नाहीत. स्टिरिओ मिळाला, पण संगीताचा काही भाग हरवला. मूळ सॉकेट शाबूत असेल तरच हे लक्षात येईल. मारिओची धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. जी गोष्ट जपायची तिचे मूळ रूप हाताशी असावे, हे या छंदालाही लागू आहे.

वर्गात करून पाहा

यासाठी जुने यंत्र लागत नाही. १.५ व्होल्टचे दोन सेल, २२ किलोओहम आणि १२ किलोओहमचा एकेक रेझिस्टर आणि एक डिजिटल मल्टिमीटर एवढे पुरे. दोन्ही सेलची ऋण टोके एकत्र जोडा; ही आपली जमीन. पहिल्या सेलच्या धन टोकाला २२ चा, दुसऱ्याच्या धन टोकाला १२ चा रेझिस्टर जोडा. रेझिस्टरांची मोकळी टोके एकत्र करा. जमीन आणि हा मीलनबिंदू यांमधला दाब मोजा.

दोन्ही सेल असताना सुमारे १.५ व्होल्ट मिळेल. आता दुसरा सेल काढून त्याच्या जागी साधी तार लावा. सुमारे ०.५३ व्होल्ट दिसेल. पहिला सेल परत न हलवता उलट करायचे नाही; तो काढून त्याच्या जागी तार लावा आणि दुसरा सेल परत बसवा. आता सुमारे ०.९७ व्होल्ट. काढलेल्या सेलची जागा मोकळी ठेवू नका; शून्य व्होल्ट आणि तुटलेली जोडणी या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग एका गटाने मीलनबिंदूवरचे वाचन फळ्यावर लिहावे आणि दुसऱ्या गटाने सेल न पाहता प्रत्येक शाखेत किती दाब आहे ते ओळखावे. ‘प्रत्येक शाखेत एक सेल किंवा तार, एवढेच असू शकते’ असे आधी सांगितले तर उत्तर लगेच येईल. शाखेत कितीही व्होल्ट असू शकतात असे सांगितले तर उत्तर येणार नाही. वाचन तेच, फरक पडला तो जादा माहितीमुळे. आजचे संगणक मिसळलेल्या गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढतात, तेही याच बळावर. असंख्य गाणी ऐकवून गायकाचा आवाज कसा असतो आणि तबल्याचा कसा, हे त्यांना आधी शिकवलेले असते. तो तर्क असतो. बेरजेची उलट क्रिया नव्हे. उलट फॅमिकॉमची नक्कल करणारा संगणक प्रोग्राम पाचही वादक नेमके वेगळे ऐकवू शकतो, कारण बेरीज करण्याआधीचे पाच आकडे त्याच्या हातात असतात.

प्रयोगशाळेत आम्ही मोजमापे घेतो तेव्हा सरासरी काढली तरी मूळ नोंदवही फेकत नाही, याचे कारण हेच. शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण म्हणजे गुणपत्रिका. दोन मुलांना एकूण गुण सारखेच पडतात. एकाला गणित उत्तम येते आणि भाषा अडते, दुसऱ्याचे याच्या उलट. एकूण गुणांच्या रकान्यावरून दोघांचा फरक कळत नाही आणि कोणाला कशात मदत करायची हेही कळत नाही. त्यासाठी डावीकडचे रकाने पाहावे लागतात. ते खोडलेले नसले, म्हणजे झाले.